गालात इंजेक्शन घेण्याआधी

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. वय ४७. लेकीचे लग्न आखाजीच्या सुमारास, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आहे. गेली दोन वर्षे चेहरा इतका कोरडा पडला आहे की पावडर लावली की गालावर पापुद्रे दिसतात आणि हसले की डोळ्यांखाली बारीक रेषा उमटतात. सध्या थंडीत नाकाच्या कडेला आगही होते. अंगही कोरडेच आहे. पिंडरीवर नख ओढले तर पांढरी रेघ उठते. जळगावच्या एका पार्लरमधील बाईंनी स्किन बूस्टर नावाचे इंजेक्शन सुचवले. त्याने आतून ओलावा येतो म्हणतात. दोन बैठकांचे ३२ हजार रुपये. बाहेरगावचे डॉक्टर महिन्यातून एकदा येऊन पार्लरमध्येच देतात. सोबत उजळपणाचे सलाईन घेतल्यास सवलत आहे. वांगासाठी मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब मी दीड वर्षापासून रोज रात्री लावते, तिने वांग बरेच फिके झाले. हल्ली थकवा येतो, आणि स्टाफरूममध्ये इतर जण पंखा लावतात तेव्हा मला स्वेटर लागतो. ते वयामुळे असावे. यजमान म्हणतात, पैसे तुझे, निर्णय तुझा. जाऊबाई म्हणतात, सासू होण्याच्या वयात हे शोभत नाही. घरात माळ आहे, म्हणून या इंजेक्शनात प्राण्याचे काही असते का, तेही कळवावे. घ्यावे की नाही?

उत्तर :

ताई, आधी सरळ उत्तर देतो. या लग्नाआधी हे इंजेक्शन घेऊ नका, आणि पार्लरमध्ये तर ते कधीच घेऊ नका. लग्न आटोपल्यावर, कोरडेपणाचे कारण सापडून त्यावर उपचार झाल्यावरही ते घ्यावेसे वाटले, तर योग्य डॉक्टरांकडून घेण्यास माझी हरकत नाही. असे का म्हणतो हे सविस्तर सांगायला हवे, कारण तुमच्या पत्रात ज्या दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून टाकल्या आहेत, त्या मला इंजेक्शनापेक्षा कितीतरी महत्त्वाच्या वाटल्या.

पहिली गोष्ट ती ट्यूब. वांगासाठी मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ट्यूबांमध्ये फार वेळा स्टिरॉइड असते. तुमची ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरांतील घटकांची नावे वाचा. त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर तुमच्या कोरडेपणाचे निम्मे उत्तर तिथेच मिळाले असे समजा. ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन या वांग फिके करणाऱ्या औषधांबरोबर असे एक स्टिरॉइड घालून तयार केलेली मलमे वांगावर वापरली जातात हे खरे आहे. पण ती त्वचारोगतज्ज्ञाने ठरवलेल्या थोड्या आठवड्यांसाठी आणि त्याच्या देखरेखीखाली वापरायची असतात. दीड वर्ष रोज रात्री लावली, तर स्टिरॉइडने चेहऱ्याची त्वचा पातळ होते, तिचा वरचा संरक्षक थर कमजोर पडतो, बारीक लाल शिरा दिसू लागतात, उन्हात गेले की चेहरा तापतो आणि नाकाच्या कडेला नेमकी तुम्ही लिहिली आहे तशी आग होते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांपुढे अशा रुग्णांचा प्रश्न इतका मोठा झाला, की २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडच्या अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या यादीत घातले. नियम झाला, पण आपल्याकडच्या काउंटरवर ट्यूब अजूनही मागितली की मिळते, हे तुम्हीही जाणता आणि मीही.

अशा नाजूक झालेल्या त्वचेत सुयांनी वीस-पंचवीस ठिकाणी टोचणे मला पटत नाही. मात्र ट्यूब घातक आहे असे वाचून आज रात्रीच ती फेकून देऊ नका. दीर्घकाळ वापरलेले स्टिरॉइड एकाएकी थांबवले, तर काही दिवसांत चेहरा लालबुंद होऊन पुटकुळ्या येतात, खाज सुटते, आणि घाबरलेला माणूस पुन्हा तीच ट्यूब लावायला घेतो. ती कशी कमी करायची आणि तिच्या जागी काय द्यायचे, हे डॉक्टरांनी तुमचा चेहरा पाहून ठरवायला हवे. त्यासाठी या आठवड्यातच जा. लांब पुण्या-मुंबईला जाण्याचे कारण नाही. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि खासगीत एम.डी. झालेले त्वचारोगतज्ज्ञ आता जिल्ह्यात मिळतात.

दुसरी गोष्ट स्वेटरची. थकवा, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणे आणि सर्वांगाची त्वचा कोरडी पडणे ही तिन्ही लक्षणे थायरॉइड मंदावल्याची असू शकतात. सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईने स्वतःच त्याला वयाचे नाव देऊन टाकावे, हे फार घरांत घडते. टीएसएच नावाची रक्ताची एक साधी तपासणी करून घ्या, सोबत हिमोग्लोबिन आणि साखरही पाहा. तपासणी सगळी बरोबर निघाली तर उत्तमच. थायरॉइड निघाले, तर रोजच्या एका गोळीने जे काही महिन्यांत सुधारेल, त्यासाठी गालात ३२ हजारांचे इंजेक्शन घेऊन उपयोग होणार नाही; पिंडरीवरची पांढरी रेघ तर त्याने मुळीच जाणार नाही. पाळी अनियमित झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण रजोनिवृत्तीच्या काळातही त्वचेतील कोलॅजेन आणि तेलाचे प्रमाण झपाट्याने घटते.

आता त्या इंजेक्शनाकडे वळू. स्किन बूस्टर म्हणून जे दिले जाते, त्यात बहुतेक वेळा हायलुरॉनिक ॲसिड असते. नावात ॲसिड असले तरी ते भाजणारे रसायन नाही. आपल्याच शरीरात तयार होणारा, पाणी धरून ठेवणारा तो एक बुळबुळीत पदार्थ आहे. कार्ल मेयर आणि जॉन पामर या संशोधकांनी १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये गायीच्या डोळ्यातील द्रवातून तो प्रथम वेगळा केला. सुमारे ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात तो साधारण १५ ग्रॅम असतो, त्यातला निम्म्याच्या आसपास त्वचेत असतो, आणि एकूण साठ्यापैकी जवळजवळ तिसरा हिस्सा शरीर रोज मोडून नवा तयार करते. म्हणूनच नुसते हायलुरॉनिक ॲसिड टोचले तर ते फार टिकत नाही. कंपन्या त्याचे रेणू एकमेकांशी थोडे जोडून किंवा उष्णतेची प्रक्रिया करून त्याचे आयुष्य वाढवतात. गाल भरून काढणारे किंवा ओठ जाड करणारे फिलर असते, ते घट्ट असते आणि बहुधा खोलवर दिले जाते; बूस्टर पातळ असते आणि त्वचेच्या आत वरवर, थोडे थोडे पसरून दिले जाते. त्याने चेहऱ्याचा आकार बदलत नाही, पोत बदलावा अशी अपेक्षा असते.

हे निव्वळ थोतांड आहे, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये स्किनव्हिव्ह या इंजेक्शनाला २१ वर्षांवरील व्यक्तींच्या गालांची त्वचा गुळगुळीत करण्यासाठी मान्यता दिली, आणि त्याचा परिणाम सुमारे सहा महिने टिकतो असे दिसले. युरोपात वापरले जाणारे प्रोफायलो महिन्याच्या अंतराने दोनदा, प्रत्येक गालावर ठरलेल्या पाच जागी देतात. पण यातील बरेच अभ्यास थोड्या लोकांवरचे आणि कंपन्यांच्याच पैशांनी झालेले आहेत, आणि जो फरक पडतो तो सौम्य असतो. जवळून आरशात पाहणाऱ्या व्यक्तीला तो जाणवतो. मांडवातल्या शेवटच्या रांगेतल्या मावशींना जाणवत नाही, आणि छायाचित्रात तर मेकअप व प्रकाशच जास्त बोलतात. सहा-नऊ महिन्यांनी परिणाम ओसरतो. थांबवल्याने त्वचा पूर्वीपेक्षा खराब होत नाही, पण टिकवायचे तर खर्च पुन्हा करावा लागतो. ३२ हजार ही एकदाची रक्कम धरू नका. वर्षाकाठी किती, तो हिशेब मांडा. सौंदर्योपचार असल्यामुळे आरोग्य विम्यातून यातले काही परत मिळत नाही.

तुमच्या तक्रारीशी याचा मेळ किती बसतो, हा खरा मुद्दा आहे. पापुद्रे सुटणे, चेहरा ओढल्यासारखा वाटणे आणि आग होणे हे सगळे त्वचेच्या अगदी वरच्या, कागदापेक्षाही पातळ थरात घडते. तो थर फाटला की आतले पाणी उडून जाते. इंजेक्शन त्याच्या खालच्या थरात जाते. केळीच्या बागेत मुळाशी ठिबक चालू असले तरी वर पाचटाचे आच्छादन नसेल तर उन्हाने वरची माती भेगाळतेच, तसाच हा प्रकार आहे. आच्छादनाचे काम मलमाचे असते, आणि ते इंजेक्शनाच्या तुलनेत फार स्वस्तात होते.

आपल्याकडे या थराची परीक्षा वर्षभर चालते. पौषात कोरडी थंडी, चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पंचेचाळिशीच्या आसपास जाणारा पारा, शाळेपर्यंत स्कूटीवर तोंडावर येणारा वारा, आणि घरात बोअरचे क्षारांचे पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही म्हणून आपण तो आणखी चोळतो. त्या क्षारांशी साबण मिसळून जो चिकट थर अंगावर राहतो, तो त्वचेला आणखी चुरचुरवतो. त्यामुळे पहिला बदल न्हाणीघरात करा. चेहऱ्याचा साबण बंद करून साबणविरहित सौम्य क्लिन्झर घ्या, कढत पाण्याऐवजी कोमट पाणी वापरा, आणि चेहरा टिपून तीन मिनिटांच्या आत, तो ओलसर असतानाच ग्लिसरीन व सेरामाइड असलेले बिनवासाचे मलम लावा. दिवसातून दोनदा लावा, आणि दुपारी शाळेत ओढल्यासारखे वाटले तर आणखी एकदा. पिंडऱ्यांसाठी १० टक्के युरिया असलेले मलम चांगले. ते चेहऱ्याला मात्र लावू नका, चुरचुरेल. बेसन-लिंबू, दाणेदार स्क्रब, ब्लीच आणि वाफ हे सगळे सध्या थांबवा. लिंबू आपल्या डाळ-बट्टीवर पिळण्यासाठी आहे. तापलेल्या गालावर ते आग वाढवते आणि उन्हात डाग पाडते. बाजारात हायलुरॉनिक ॲसिडचे सीरमही मिळते. ते हवे तर लावा, पण आपल्या कोरड्या हवेत त्यावर मलमाचा थर दिला नाही तर चेहरा उलट अधिक ओढल्यासारखा वाटू शकतो. आणि दिवसाला चार लिटर पाणी प्या म्हणजे चेहरा तुकतुकीत होईल, या सल्ल्यावर फार विसंबू नका; पाणी तहानेपुरते आणि उन्हाळ्यात त्याहून थोडे अधिक पुरे.

वांगाचे खरे औषध सावली आणि सनस्क्रीन हे आहे. किमान एसपीएफ ३०, दोन बोटांवर रेघ ओढून भरेल इतके, सकाळी निघताना आणि उन्हात राहायचे तर दर दोन-तीन तासांनी. वांग केवळ अतिनील किरणांनी वाढत नाही, दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढते, म्हणून लोहाच्या ऑक्साइडची किंचित तपकिरी छटा असलेले सनस्क्रीन मिळाले तर ते जास्त उपयोगाचे. स्कार्फ बांधता तो नाकावरून खाली सरकू देऊ नका.

आता धोक्यांबद्दल. बूस्टर टोचल्यावर डास चावल्यासारख्या लहान गाठी उठतात, त्या बहुधा एक-दोन दिवसांत बसतात. काळे-निळे डाग आठवडा ते पंधरवडा राहू शकतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला आणखी एक खोड आहे. जिथे सूज किंवा इजा झाली तिथे नंतर काळपट डाग राहतो, आणि तो जायला महिने लागतात. ज्यांना आधीच वांग आहे, त्यांना हा धोका अधिक. क्वचित गाठी टिकून राहतात, जंतुसंसर्ग होतो, ओठाजवळचे जुने हर्पीसचे फोड पुन्हा उठतात. आणि फार क्वचित, विशेषतः घट्ट फिलरच्या बाबतीत, औषध रक्तवाहिनीत शिरून त्या भागातील त्वचा मरते किंवा दृष्टी जाते. शेवटचा प्रसंग विरळा आहे, पण तो आलाच तर मिनिटांना किंमत असते. अशा वेळी हायलुरॉनिक ॲसिड विरघळवणारे हायलुरॉनिडेज हे औषध हाताशी असावे लागते आणि ते वापरता येणारा डॉक्टर समोर असावा लागतो. महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर संध्याकाळच्या गाडीने परत गेल्यावर रात्री गाल पांढराफटक पडला आणि ठणकू लागला, तर पार्लरच्या बाई काय करणार? त्यांच्यावर माझा राग नाही; त्यांचे काम वेगळे आहे. पार्लरमध्ये सुईशिवाय, पेनासारख्या उपकरणाच्या दाबाने हेच औषध आत ढकलण्याचे प्रकारही होतात, आणि त्यांच्याविरुद्ध अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते.

उजळपणाच्या सलाईनला तर ठाम नकार द्या. त्यात बहुधा ग्लुटाथायोन असते. त्वचा उजळण्यासाठी अमेरिकेच्या प्रशासनाने कुठलेही इंजेक्शन मंजूर केलेले नाही. शिरेतून जाणाऱ्या अशा औषधाची ॲलर्जी, यकृत-मूत्रपिंडावरील ताण आणि निर्जंतुकतेचे प्रश्न पदरात घेऊन रंग बदलण्याची गरज तुम्हाला कशासाठी वाटावी? सवलत देऊन विकले जाते तेव्हा तर अधिकच शंका यावी.

माळेबद्दल विचारलेत ते बरे केले, कारण हे दवाखान्यात सहसा कोणी सांगत नाही. हायलुरॉनिक ॲसिड पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत. आता इंजेक्शनांतील बहुतेक माल जिवाणूंच्या मदतीने, आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार होतो, त्यामुळे त्यात प्राण्याचा अंश नसतो. पण स्किन बूस्टर याच नावाखाली पॉलिन्युक्लिओटाइडची इंजेक्शनेही विकली जातात, आणि ती सामन किंवा ट्राउट माशाच्या शुक्रपेशींतील डीएनएपासून बनतात. नुसते बूस्टर म्हणून भागत नाही. पुढे कधी घ्याल तेव्हा उत्पादनाचे नाव आणि घटक विचारा.

पुढे कधी, म्हणजे माझ्या मते पावसाळा संपल्यावर. ट्यूब सुटलेली असेल, रक्ताचा अहवाल हाती असेल आणि चार-सहा महिने मलम व सनस्क्रीन नेमाने लावलेले असेल. तेव्हा आरशात पाहून, उरलेल्या बारीक रेषांसाठी एवढा खर्च करावासा वाटतो का, ते ठरवा. पुष्कळ जणींना तोवर ते वाटेनासे होते. वाटलेच, तर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पाहा. तो दवाखान्यात आणि चिठ्ठी-पावतीवर लिहिणे त्यांना बंधनकारक आहे, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तो पडताळता येतो. सीलबंद खोका तुमच्यासमोर उघडायला सांगा. त्यावरचा बॅच क्रमांक आणि मुदत वाचा, आणि सिरिंजसोबत येणारे स्टिकर आपल्या कागदावर चिकटवून घ्या. अर्धी वापरलेली सिरिंज कोणी स्वस्तात देऊ केली तर उठून या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, एखादा स्वप्रतिकारशक्तीचा आजार असेल किंवा चेहऱ्यावर जंतुसंसर्ग असेल, तर आधी सांगा.

जाऊबाईंच्या बोलण्याचे इतकेच, की बाईने कोणत्या वयापर्यंत आपल्या चेहऱ्याकडे पाहावे याचा नियम कुठे लिहिलेला नाही, आणि यजमान म्हणतात तसे पैसेही तुमचेच आहेत. माझा नकार शोभण्या-न शोभण्यावरून आलेला नाही, तो तुमच्या त्वचेच्या आजच्या अवस्थेवरून आलेला आहे.

लग्नापुरते हे करा. पहिल्या भेटीला ट्यूब तिच्या खोक्यासकट आणि चेहऱ्याला लावता ती प्रत्येक बाटली पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगा, म्हणजे ट्यूब सुटताना चेहरा लाल होण्याचा काळ फेब्रुवारीतच उरकेल असा बेत त्यांना आखता येईल. मेकअप करणाऱ्या मुलीला मार्चच्या अखेरीस एकदा चाचणीसाठी बोलवा, आणि पावडरऐवजी क्रीमचा पाया वापरायला सांगा. पापुद्रे उठून दिसतात ते पावडरमुळे. हळदीच्या आदल्या रात्री गालांना मलम लावून झोपा, आणि हळद दुधात किंवा तेलात कालवलेली असू द्या. लग्नाआधीच्या तीन आठवड्यांत कुठलेही नवे फेशियल, नवी क्रीम किंवा कोणाच्या ओळखीतला उपाय चेहऱ्याला लावू नका, मग तो जाऊबाईंनी सुचवलेला असो की पार्लरच्या बाईंनी.